गरोदरपणात दाणे, बदाम, काजू: भीती कशाची धरायची आणि कशाची नाही

दिवस गेल्याचं कळलं की घरात खाण्यापिण्याचे नियम सुरू होतात. सासूबाई म्हणतात, "दाणे नको वो खाऊ, पित्त होते." माहेरून आईचा फोन येतो, "रोज चार बदाम भिजवून खात जा, बाळ हुशार होते." आणि रात्री मोबाईल उघडला की कुठेतरी वाचायला मिळतं, आईने शेंगदाणे खाल्ले तर बाळाला अ‍ॅलर्जी होते म्हणे. नागपुरात कुठल्याही सरकारी-खासगी दवाखान्यात, तपासणीचा नंबर लागायची वाट बघत बाकड्यावर बसलेल्या बायकांमध्ये हा विषय हमखास निघतो आणि जितक्या जणी तितके सल्ले मिळतात.

म्हणून उत्तर आधीच सांगते. तुम्हाला स्वतःला शेंगदाण्याची किंवा सुक्यामेव्यातल्या कशाचीही अ‍ॅलर्जी नसेल, तर गरोदरपणात शेंगदाणे, बदाम, अक्रोड, काजू, पिस्ते खाणं सुरक्षित आहे, पहिल्या महिन्यापासून शेवटच्या महिन्यापर्यंत. बाळाला पुढे अ‍ॅलर्जी होऊ नये म्हणून हे पदार्थ सोडण्याची गरज नाही. खरी काळजी घ्यायची ती दाण्याला लागणाऱ्या बुरशीची, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

अ‍ॅलर्जीची भीती आली कुठून

ही भीती अगदीच निराधार नव्हती. १९९० च्या दशकात ब्रिटन-अमेरिकेत लहान मुलांमधली शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी वाढू लागली होती. त्यातली काही मुलं दाण्याचा एक कण पोटात गेला तरी गुदमरायची. आईबाप घाबरलेले, डॉक्टरही. १९९८ साली ब्रिटन सरकारच्या एका तज्ज्ञ समितीने सल्ला दिला: ज्या घरात दमा, इसब किंवा अ‍ॅलर्जी आहे, त्या घरातल्या गरोदर बाईने आणि अंगावर पाजणाऱ्या आईने शेंगदाणे टाळलेले बरे. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही त्याच वळणाचा सल्ला दिला. हातात पक्का पुरावा फारसा नव्हता. पण टाळल्याने बिघडणार काय, असा विचार होता.

पुढची काही वर्षं तिथल्या अनेक आया दाण्यांपासून लांब राहिल्या, पण अ‍ॅलर्जी काही कमी झाली नाही. अमेरिकेतल्या संघटनेने २००८ मध्ये आणि ब्रिटनने २००९ मध्ये आपला सल्ला मागे घेतला. सल्ला गेला, पण त्याची धास्ती राहिली, आणि ती जुन्या पुस्तकांतून, फॉरवर्ड मेसेजांतून फिरत फिरत आपल्यापर्यंत येऊन पोचली. आजही एखादी सुशिक्षित मुलगी "मी रिस्क नाही घेत" म्हणून दाण्याची चटणी ताटातून बाजूला सारते, तेव्हा ती पंधरा वर्षांहून अधिक काळापूर्वी रद्द झालेला नियम पाळत असते.

हे चित्र कसं पालटलं ते समजून घेण्यासारखं आहे. २००८ साली संशोधकांनी ब्रिटनमधल्या आणि इस्रायलमधल्या ज्यू मुलांची तुलना केली. वंश बराचसा एक, राहणीमानही साधारण सारखं. तरीही ब्रिटनमधल्या मुलांत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी १.८५ टक्के होती, तर इस्रायलमध्ये फक्त ०.१७ टक्के. म्हणजे दहापटीचा फरक. इस्रायलमध्ये तान्ह्या मुलांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा एक मऊ, तोंडात विरघळणारा कुरकुरीत खाऊ देतात. ब्रिटनमध्ये तेव्हा मुलांना दाणे उशिरापर्यंत द्यायचेच नाहीत असा प्रघात होता.

मग लंडनच्या किंग्ज कॉलेजचे प्रा. गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थेट प्रयोग केला. ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली, तीही अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेली, म्हणजे ज्यांना तीव्र इसब होतं किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी होती. निम्म्यांना नियमित शेंगदाण्याचा पदार्थ दिला, निम्म्यांना पाच वर्षांची होईपर्यंत अजिबात दिला नाही. २०१५ साली निकाल प्रसिद्ध झाला. टाळणाऱ्या गटात १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी झाली, खाणाऱ्या गटात ३.२ टक्के मुलांना.

हा प्रयोग बाळांच्या खाण्यावरचा होता, गरोदर बायकांच्या नव्हे, हे लक्षात ठेवलं पाहिजे. आईच्या खाण्याबद्दल २०१४ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला, आठ हजारांहून जास्त मुलांचा. ज्या आयांना स्वतःला अ‍ॅलर्जी नव्हती आणि ज्या गरोदरपणाच्या सुमारास आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा दाणे-सुकामेवा खात होत्या, त्यांच्या मुलांत ही अ‍ॅलर्जी कमी आढळली. हे निरीक्षण आहे. त्यावरून "दाणे खा म्हणजे बाळाला अ‍ॅलर्जी होणारच नाही" अशी हमी देता येत नाही. पण "खाल्ल्याने अ‍ॅलर्जी होते" या समजुतीला मात्र त्यात कुठेही आधार सापडत नाही, आणि आपल्या प्रश्नापुरतं तेवढं पुरेसं आहे.

असं का होत असावं? आपल्या शरीराची संरक्षणयंत्रणा प्रत्येक नव्या वस्तूबाबत ठरवते, ही आपली की परकी. अन्न तोंडावाटे आतड्यात गेलं की ती सहसा ते सोसायला शिकते. पण इसबामुळे बाळाची त्वचा फाटलेली, खरवडलेली असेल आणि घरात उडणारा दाण्याचा बारीक कण पोटाऐवजी त्या फाटक्या त्वचेतून पहिल्यांदा आत शिरला, तर तीच यंत्रणा त्याला शत्रू समजते. घरच्यांसोबत दारातून आलेल्या माणसाला आपण पाणी विचारतो, कुंपण तोडून शिरलेल्याच्या अंगावर धावून जातो. माणूस तोच असला तरी. आता बाळाला दाणे द्यायचे नाहीत, पण घरात बाकी सगळे खातात, म्हटल्यावर बाळाची दाण्याशी पहिली ओळख त्वचेतूनच व्हायची. टाळण्याचा सल्ला उलटा का पडला असावा, याचा सध्याचा सगळ्यात पटणारा खुलासा हाच आहे.

कुणी मात्र खाऊ नये

ज्या बाईला स्वतःला अ‍ॅलर्जी आहे तिने. याला अपवाद नाही. पूर्वी कधी काजू खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, घसा आवळल्यासारखा झाला, दम लागला, तर ही गोष्ट पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना सांगा. "तेव्हा झालं होतं, आता काही नाही" असं म्हणून गप्प बसू नका. अ‍ॅलर्जीचा मोठा झटका आला की आईचा रक्तदाब कोसळतो, आणि मग बाळाला मिळणारा प्राणवायूही घटतो. अशा वेळी मांडीत देण्याचं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपचार, गरोदरपणातसुद्धा. घरात पडलेली अ‍ॅलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत बाईला डाव्या कुशीवर निजवायचं. चालवत न्यायचं नाही.

आपल्या स्वयंपाकात दाणा कुठे कुठे लपलेला असतो, ते अ‍ॅलर्जी असलेल्या बाईच्या घरच्यांनीही ओळखून असलं पाहिजे. उपासाची साबुदाण्याची खिचडी, भगरीसोबतची दाण्याची आमटी, भरली वांगी, कोशिंबिरीत भुरभुरलेलं कूट, हॉटेलातल्या ग्रेव्हीत वाटलेले काजू, बर्फीवरचे पिस्त्याचे काप. डोहाळजेवणाला पाच घरून डबे येतात, तेव्हा कशात काय घातलंय ते विचारायला संकोच करू नये. काजूची अ‍ॅलर्जी असेल तर पिस्ताही बहुतेक वेळा सोसत नाही, कारण दोघं एकाच कुळातले. आंबा, चारोळी आणि आपला बिब्बाही त्याच कुळातले आहेत.

नवऱ्याला किंवा नणंदेला अ‍ॅलर्जी आहे म्हणून मात्र गरोदर बाईने टाळायचं कारण नाही. तिच्या स्वतःच्या अंगाला काय चालतं, तेवढंच बघायचं.

मुठीत नेमकं काय असतं

शेंगदाणा खरं तर सुकामेवा नाही. तो द्विदल, तूर-हरभऱ्याच्या भावकीतला, जमिनीखाली पिकणारा. म्हणून त्यात प्रथिनं जास्त. ३० ग्रॅम शेंगदाण्यांत, म्हणजे साधारण एका मुठीत, सात-साडेसात ग्रॅम प्रथिनं असतात; तेवढ्याच बदामांत सहा, काजूंत साडेपाचच्या आसपास, अक्रोडात साडेचार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीप्रमाणे गरोदर बाईला दुसऱ्या तिमाहीत रोज ९.५ ग्रॅम आणि शेवटच्या तिमाहीत २२ ग्रॅम प्रथिनं जास्तीची लागतात. उष्मांक म्हणाल तर रोज ३५० जास्तीचे. मूठभर दाण्यांतून त्यातले १७० मिळतात.

इथे मला मनापासून एक गोष्ट सांगायची आहे. बदाम परवडत नाहीत म्हणून आपण बाळासाठी कमी पडतोय, असं कितीतरी बायकांना वाटतं. इतवारीच्या दुकानात बदामाचा भाव विचारून परत फिरणाऱ्या बाईच्या तोंडावर ते दिसतं. तसं वाटून घेऊ नका. बदामात ई जीवनसत्त्व आणि कॅल्शियम जास्त आहे, अक्रोडात ओमेगा-३ प्रकारची चरबी आहे, हे खरं. पण प्रथिनं आणि फोलेट या हिशेबात भाजलेला शेंगदाणा कुठेही कमी नाही, आणि किंमत बदामाच्या पासंगालाही नाही. राज्य सरकारने २०१५ साली गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांतल्या गरोदर आणि स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना सुरू केली. तिच्या जेवणात भाकरी, वरण, भात, पालेभाजीसोबत शेंगदाण्याचा लाडूच ठेवला आहे. योजना आखणाऱ्यांनी तो विचार करूनच ठेवला असणार.

बदामाने बाळ गोरं होतं, केशर-बदामाच्या दुधाने उजळ होतं, हे मात्र सोडून द्या. बाळाचा रंग आईबापाकडून आलेल्या जनुकांवर ठरतो, आईच्या पेल्यातल्या दुधावर नाही. "बाळ हुशार होते" या म्हणण्यामागे थोडाफार आधार सापडतो. स्पेनमध्ये दोन हजारांहून अधिक मायलेकरांचा अभ्यास झाला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या तिमाहीत नियमित सुकामेवा खाणाऱ्या आयांची मुलं बुद्धी, लक्ष आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत थोडी सरस दिसली. पण अशा आयांचं एकूण खाणं, शिक्षण, घर सगळंच बरं असू शकतं, आणि संशोधकांनी कितीही हिशेब लावला तरी ते पूर्णपणे वजा होत नाही. बाळासाठी म्हणून बदामावर कर्ज काढावं इतकं त्यात काही नाही.

रक्ताचं काय? आपल्याकडे हा प्रश्न मोठा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला. आणि घरोघरी समजूत अशी, की काजू-मनुका, खजूर, बदाम खाल्ले की रक्त वाढतं, मग गोळी कशाला. हिशेब करून पाहा. मूठभर बदामांत जेमतेम एक मिलिग्रॅम लोह असतं, त्यातलंही थोडंच अंगी लागतं. आशाताई देतात त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम असतं. गोळीने मळमळतं, शौचाला काळं होतं, खडा होतो, हे सगळं खरं. त्यावर डॉक्टरांशी बोलून गोळी बदलता येते, वेळ बदलता येते. सुकामेव्याने तिची भरपाई होत नाही.

उलट गोळी आणि दाणे एकाच वेळी घेऊ नका. दाण्यांत फायटेट नावाचा घटक असतो, तो लोहाला धरून ठेवतो आणि रक्तात जाऊ देत नाही. चहा आणि दूधही तेच करतात, आणि कॅल्शियमची गोळीही. लोहाची गोळी यांच्यापासून दोन तास तरी लांब ठेवायची. घ्यायची ती संत्र्यासोबत. क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं, आणि नागपुरात आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे आणि मृग बहाराची उन्हाच्या तोंडावर येतात. अधल्यामधल्या महिन्यांत लिंबू, पेरू, आवळा आहेच.

बुरशीकडे लक्ष द्या

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते.

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी काही महिन्यांत पटापट मेले. कारण कळेना. शोध घेतला तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत तो पोचला. त्या पेंडीवर एक बुरशी वाढली होती आणि तिने विष तयार केलं होतं. त्याला नाव मिळालं अफ्लाटॉक्सिन. हे विष यकृतावर घाव घालतं, आणि माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात त्याची नोंद आहे. ते दूरचंही नाही; १९७४ साली गुजरात-राजस्थानात बुरशी लागलेला मका खाऊन कावीळ पसरली आणि माणसं दगावली, तेव्हाही हेच विष होतं. ते वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत जातं. आफ्रिकेतल्या काही देशांत, जिथे दाणे आणि मका रोजचं अन्न आहे, तिथल्या अभ्यासांत आईच्या अंगात हे विष जास्त असणं आणि बाळाचं वजन किंवा वाढ कमी असणं यांचा संबंध दिसला आहे.

हे वाचून दाणे टाकून देऊ नका. बुरशीला ओल लागते. विदर्भात उन्हाळी भुईमूग मे-जूनमध्ये निघतो. शेंगा नीट वाळल्या, हलवल्यावर आतला दाणा खुळखुळ वाजला, तर तो माल चांगला. पण वाळत टाकलेल्या शेंगांवर मृगाचा पाऊस पडला, किंवा ओलसर माल पोत्यात कोंबला गेला, की बुरशीला रान मोकळं. घरातही तसंच. मे महिन्यात चाळीस-पंचेचाळीस अंशांत डबा कोरडा असतो. जुलै लागला की हवा दमट होते, मीठ पाझरतं, आणि ओट्याखालच्या डब्यातले दाणेही ओल धरतात. पावसाळ्यात पाच किलो एकदम भरून ठेवू नका. थोडे घ्या, पुन्हा आणा.

आणि निवडा. हे काम पूर्वी प्रत्येक घरात व्हायचं, आता पाकीट फोडून सरळ कढईत जातं. दाणे सुपात किंवा ताटात पसरा, उजेडात बसा. सुरकुतलेला, बारीक राहिलेला, काळपट पडलेला, फुटलेला, कीड लागलेला दाणा बाजूला काढा. हिरवट-पिवळी किंवा पांढरट भुकटी दिसली तर तो डबाच रिकामा करा. दाणा सोलून दोन डाळिंब्या वेगळ्या केल्या की कधी कधी आत, मोड असतो तिथे, करडी कापसासारखी बुरशी दिसते. वरून तो दाणा अगदी चांगला वाटतो. खाताना एखादा कडू, कुबट लागला तर गिळू नका, थुंका आणि चूळ भरा.

निवडण्याचा इतका आग्रह धरण्याला कारण आहे. हे विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. पोत्यातल्या मोजक्याच खराब दाण्यांत ते प्रचंड प्रमाणात असतं, बाकीचे बहुतेक स्वच्छ असतात. ते मोजके निघाले की बराचसा धोका निघतो. भाजून काढू म्हणाल, तर भाजल्याने बुरशी मरते, पण तिने आधी तयार केलेलं विष बऱ्याच अंशी तसंच राहतं. म्हणून खराब दाणे "चटणीत चालतात", "कुटात खपतात" असं करू नका. तयार कूट आणि सैल विकली जाणारी दाण्याची चटणी गरोदरपणात नकोच, कारण आत कसले दाणे गेले ते दिसत नाही. घाण्याचं तेल आणत असाल तर घाणेवाला कुठले दाणे घालतो ते एकदा उभं राहून बघा. रिफाइन्ड तेलात शुद्धीकरणाच्या वेळी हे विष जवळपास निघून जातं, घाण्याच्या तेलात ती सोय नसते.

नागपूरच्या फुटाळा तलावावर संध्याकाळी वाळूत भाजलेल्या गरम शेंगा मिळतात. त्या जरूर खा. शेंग फोडून दाणा बघता येतो, ही मोठी गोष्ट आहे. फक्त वर्तमानपत्राच्या पुड्यात घेऊ नका. छपाईच्या शाईतले घटक अन्नात उतरतात, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही वर्तमानपत्रात खाण्याचे पदार्थ बांधायला मनाई केली आहे. घरून एक छोटा डबा नेला की झालं.

अक्रोड आणि काजूंचा त्रास वेगळा. नागपूरच्या उन्हाळ्यात ते लवकर खवट होतात, अक्रोड सगळ्यात आधी. खवट झालेलं विषारी असतं असं नाही, पण त्यातलं चांगलं तेल बिघडलेलं असतं आणि मळमळ असताना तो वास सहन होत नाही. हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा.

कडू बदाम, गोडंबी, जायफळ

कडू बदाम खाऊ नका, एकही. त्यात असा घटक असतो की चावल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. बाजारातल्या बारीक गुरबंदी बदामांत अधूनमधून एखादा कडू निघतो. तो थुंकून टाकायचा, औषधी म्हणून चावत बसायचा नाही. जर्दाळूच्या कवचातली कडू बीही तशीच.

गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. आपल्याकडे थंडीच्या लाडवांत तो हौसेने घालतात. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं तर फोड येतात हे विदर्भातल्या कुणाला सांगायला नको, आणि गोडंबी नीट साफ झाली नसेल तर तेच तेल तिच्यासोबत तोंडात जातं. गरोदरपणात ती लाडवांतून वगळा. जायफळ नावात "फळ" असलं तरी मसालाच आहे. बासुंदीत चिमूटभर चालतं, झोप लागावी म्हणून उगाळून चमचाभर घेणं चालत नाही.

किती आणि कधी

रोज एक मूठ. दोन मुठी झाल्या तर विष होत नाही, पण उष्मांक वाढत जातात आणि जेवण कमी होतं.

सासूबाई म्हणतात त्या पित्तात तथ्य आहे. गरोदरपणात संप्रेरकांमुळे अन्ननलिकेचं खालचं तोंड सैल पडतं, वाढलेलं गर्भाशय जठराला वर ढकलतं, आणि आम्ल वर येतं. दाण्यांत निम्मं तेल असतं, ते पचायला वेळ घेतं. रात्री जेवण झाल्यावर दाणे चघळत पडलं की छातीत जळजळणारच. म्हणून सकाळी किंवा दुपारी चारच्या भुकेला खा, चावून चावून खा, वर पाणी प्या. बदाम भिजवल्याने ते मऊ होतात, चावायला सोपे जातात, साल निघते. एवढा फायदा खरा आहे. फायटेट मात्र रात्रभर भिजवूनही फारसं कमी होत नाही, आणि न भिजवलेला बदाम अपायकारक नाही.

थायरॉइडची गोळी चालू असलेल्या बायका आता खूप दिसतात, आणि त्यांची एक गल्लत सर्रास होते. सकाळी उठल्या उठल्या भिजवलेले बदाम-अक्रोड आणि लगेच गोळी, किंवा आधी गोळी आणि मागोमाग बदाम. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्यासोबत घ्यायची असते. नंतर अर्धा ते एक तास काही नाही. अक्रोडासारखे पदार्थ तिचं शोषण कमी करतात, आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या तर चार तास लांब हव्यात. पहिल्या तिमाहीत बाळाला लागणारं थायरॉइडचं संप्रेरक आईकडूनच मिळतं, त्यामुळे इथे ढिलाई परवडत नाही.

साखरेच्या तपासणीत गरोदरपणातला मधुमेह निघाला असेल तर मूठभर साधे भाजलेले दाणे हा फार सोयीचा खाऊ आहे. रक्तातली साखर त्याने झपकन चढत नाही. पण चिक्की, डिंकाचे लाडू, मधात घोळलेला सुकामेवा हे त्याच खात्यात धरू नका. रक्तदाब वाढला असेल तर खारे दाणे आणि खारे काजू बंद.

बाळ आल्यावर

अंगावर पाजतानाही दाणे-सुकामेवा चालतो. बाळाला मालिश करायला मात्र शेंगदाण्याचं तेल वापरू नका, विशेषतः बाळाच्या गालावर, कोपराच्या खोबणीत लाल, खरबरीत चट्टे असतील तर. दाण्याचं तेल असलेली मलमं इसबाच्या त्वचेला लावणं आणि पुढे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होणं यांचा संबंध २००३ मध्येच ब्रिटनमधल्या अभ्यासात दिसला होता. बदामाच्या तेलाबाबतही अशा त्वचेवर हात आखडता घ्यावा.

सहा महिने पूर्ण झाले, वरचं अन्न सुरू झालं, की निवडलेल्या, भाजलेल्या दाण्यांचं अगदी बारीक कूट मऊ भातात किंवा नाचणीच्या खिरीत कालवून अर्धा चमचा द्या. पहिल्यांदा देताना दिवसा द्या, बाळ बरं असताना द्या, आणि पुढचे दोन तास त्याच्याजवळ राहा. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याने त्रास झाला असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. एकदा दिलं आणि सोसलं, की आठवड्यातून दोन-तीनदा देत राहा, मध्येच थांबवू नका. अख्खा दाणा, बदामाचा तुकडा, चिक्की पाच वर्षांपर्यंत हातात द्यायची नाही. तो श्वासनलिकेत अडकतो.